बाळाचा पगार, आईचा परवाना

जर्मनीत लहान मुलांना पगार मिळतो. आमच्या इमारतीच्या कट्ट्यावर मी ही बातमी सांगितली तेव्हा दोघांनी नुसतीच मान हलवली आणि तिसऱ्याने विचारले, "कामाचे तास किती?" काम काही नाही. खाणे, रडणे आणि वाढणे, एवढेच. या पगाराला तिकडे किंडरगेल्ड म्हणतात. 2025 साली तो दर मुलामागे दरमहा 255 युरो होता. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत तो मिळतो आणि शिकत राहिले तर पंचविशीपर्यंत. त्यामुळे तिकडे एक गंमत घडते. तेवीस वर्षांची विद्यार्थिनी आई झाली की बाळाचा पगार तिच्या हाती येतो आणि तिचा स्वतःचा पगार तिच्या आईच्या हाती जातो! आपल्याकडे असे असते तर दर महिन्याची पहिली तारीख या दोन पगारांची वजाबाकी करण्यातच गेली असती.

ही रीत पश्चिम जर्मनीत 1955 च्या जानेवारीपासून सुरू झाली. तेव्हा तिसऱ्या मुलापासून पुढे महिना पंचवीस मार्क मिळत. दुसऱ्या मुलाचा नंबर 1961 साली लागला आणि पहिल्याचा 1975 साली. थोरल्या भावंडाच्या नशिबी सगळीकडे हेच.

आता हे सारे मी का सांगत बसलो? तर आमच्या शेजारच्या वहिनींची लेक अभियांत्रिकीचे पुढचे शिक्षण घ्यायला जर्मनीस निघाली आहे. पदरी दोन वर्षांचा मुलगा. जावई नोकरीचा राजीनामा देऊन मागाहून जाणार. घरात जवळजवळ ठरले होते, की मूल दोन वर्षे आजीपाशी राहील. कारण पैसा. विद्यार्थ्याला तिकडे जाण्याआधी वर्षाच्या खर्चाची रक्कम बँकेत अडकवून दाखवावी लागते. 2024 च्या सप्टेंबरपासून ती 11,904 युरो झाली, म्हणजे महिन्याला 992. मूल न्यायचे तर त्याच्या खर्चाची तरतूद वेगळी दाखवायची. वहिनींनी सारे कागद माझ्यापुढे आणून ठेवले. हिशेबखात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही सुटका नसते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, परक्या देशाचं सरकार आपल्या पोराला पैसे देईल होय? आणि दिले तर उद्या व्हिसाला अडवणार नाही ना?"

प्रश्न दोन आणि दोन्ही शहाणपणाचे. 255 युरो म्हणजे त्या 992 चा चौथा हिस्सा. तो सोडून देण्यासारखा नाही.

पहिल्याचे उत्तर असे, की पगार बाळाचा असला तरी सरकार आधी आईबापाचा वास्तव्याचा परवाना पाहते. शिक्षणासाठी दिलेला परवाना असेल, तर नुसते शिकणाऱ्या परदेशी आईला किंडरगेल्ड मिळत नाही. पण तीच आई शिकता शिकता नोकरी करीत असेल तर मिळते. ही वाट 2020 च्या मार्चपासून मोकळी झाली. त्याआधी शिक्षणाच्या परवान्यावर हा दरवाजा बंदच होता. ज्या कायद्याने तो उघडला त्याचे मुख्य नाव विजेवर चालणाऱ्या गाड्यांना करसवलत देण्याबद्दलचे आहे. मोटारींच्या मागे लपून आयांची सोय झाली! कायदे वाचताना शीर्षकावर विश्वास ठेवू नये, हे आमच्या खात्यात पहिल्या वर्षीच शिकवीत. विद्यार्थ्याने काम किती करावे यालाही तिकडे मर्यादा आहे: 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. तेवढ्यात प्रयोगशाळेतले किंवा ग्रंथालयातले थोड्या तासांचे काम सहज बसते.

जावयाची गोष्ट निराळी. तो जाणार पती म्हणून, म्हणजे कुटुंबाच्या परवान्यावर, आणि त्या परवान्यावर नोकरीची मुभा असते. कायदा तिथे त्याला नोकरी करण्याचा हक्क आहे का एवढेच पाहतो; नोकरी लागली आहे का, हे विचारीत नाही. म्हणजे अभ्यासाने रात्री जागणारी आई नोकरी नसेल तर अपात्र आणि घरी पोळ्या लाटणारा बाप पात्र. मला यात न्याय दिसत नाही. पण सोय दिसते आणि वहिनींना सध्या सोयच हवी आहे. अर्ज जावयाच्या नावाने करावा, असे मी त्यांना सांगितले.

मूल मात्र तिकडे राहत असले पाहिजे. आईबाप जर्मनीत आणि मूल सातारला, तर छदाम मिळत नाही. तुर्कस्तानसारख्या काही देशांशी जर्मनीचे या बाबतीत करार आहेत. तिथे मागे राहिलेल्या मुलांनाही थोडेफार पोचते. भारत त्या यादीत नाही. घरात मूल आजीपाशी ठेवायचे ठरत होते ते पैसे वाचावेत म्हणून. आणि नेमक्या त्याच ठरावाने ही रक्कम जात होती.

दुसरी शंका व्हिसाची. सरकारी मदत घेतली की परवान्याला धोका, ही भीती आपल्या लोकांत फार आहे. जर्मनीपुरती ती किंडरगेल्डला लागू नाही. परदेशी माणूस स्वतःच्या पायावर उभा आहे की नाही हे तपासताना किंडरगेल्ड घेतले म्हणून त्याच्याविरुद्ध धरायचे नाही, असे तिथला कायदाच सांगतो. नव्या बाळाच्या आईबापांना पहिल्या महिन्यांत मिळणाऱ्या एल्टर्नगेल्डचेही तसेच. पूर्ण दराने घेतले तर ते महिन्याला किमान 300 युरो असते. वहिनींचा नातू त्या वयातून पुढे सरकला आहे, तेव्हा त्याची चर्चा नको.

पण हेच उत्तर कोणी इंग्लंडला निघालेल्या लेकीला देईल तर घात होईल. तिथे विद्यार्थ्याच्या परवान्यावर सार्वजनिक निधीला हात लावायचा नाही, अशी अट असते आणि बालभत्ता त्या निधीत मोडतो. शिवाय 2024 च्या जानेवारीपासून बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना नवरा, बायको किंवा मूल सोबत नेताच येत नाही. संशोधनाची पदवी घेणाऱ्यांना ती मुभा उरली आहे. गेलेल्या मुलाला तीन वर्षांचा झाल्यावर इंग्लंडात आठवड्याचे पंधरा तास फुकट बालवाडी मिळते. ती निधीत धरत नाहीत. हाच तो देश, जिथे एलिनॉर रॅथबोन नावाच्या बाईने कितीतरी वर्षे भांडून मुलांचा भत्ता आईच्या हाती द्यायला लावला. आपल्याकडच्या बालविवाहांवर 1934 साली पुस्तक लिहिणारी बाई ती हीच. भत्त्याचे पहिले वाटप 1946 च्या ऑगस्टमध्ये झाले आणि ते पाहायला ती राहिली नाही. त्याच जानेवारीत गेली.

तान्ह्या मुलासह शिकायला परदेशी जाणे ही आजची टूम आहे, असे वहिनींच्या थोरल्या जाऊबाई म्हणतात. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून दिली. 1883 साली नवरा वारलेली ती बाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीत बसली. प्रवासाला पैसा उभा केला तो स्वतःच्या 'स्त्री धर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून. वाँटेजच्या मठात राहण्याच्या बदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या जोगिणींना तिने मराठी शिकवले आणि पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवले. तेव्हा भत्ता नव्हता, अर्ज नव्हता. मुलीचे दूध मराठीच्या शिकवणीवर आले. थोरल्या जाऊबाई यावर काही बोलल्या नाहीत. चहा मात्र पुन्हा आला.

आता मूल जाणार असे ठरले आहे. वहिनींनी मला कागदावर लिहून मागितले ते येथेही देतो, कारण अशी घरे आता गावोगाव आहेत. मुलाचा जन्मदाखला इथूनच भाषांतरासह न्यावा. तिथे पोचल्यावर नगरपालिकेत पत्ता नोंदवावा; तशी नोंद झाली की मुलाचा आणि आईबापाचा कर-क्रमांक टपालाने येतो, आणि त्या क्रमांकांवाचून अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज फामिलिएनकासे नावाच्या खात्याकडे जातो. उशीर केला तर अर्जाच्या मागचे फार तर सहा महिने मिळतात. त्याआधीचे गेले ते गेले. आणि खोली मिळाल्या दिवशी टपालपेटीवर नावे लावावीत, नवऱ्याचे, बायकोचे, मुलाचेही. तिकडचा टपालवाला पेटीवर नाव नसले तर पत्र परत नेतो, आणि बाळाचा क्रमांक त्याच पत्रात असतो.