देणगी, इमारत आणि देखभाल

बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने कविवर्य मोरोपंतांनी (१७२९–१७९४) या गावी काव्यरचना केली. इंदापुरात मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. याच परिसरात १९६२ साली बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि उच्च शिक्षणाची वाट घराजवळ आली. उद्या वाड्याच्या किंवा गढीच्या शेजारी, जुन्या वस्तीत, विद्यापीठाच्या तोडीचे नवे ग्रंथालय उभारावे असा विचार कोणी मांडला, तर पहिला प्रश्न पैशाचा निघेल. नव्या इमारतीने जुन्या वास्तूशी कसे वागावे, हा दुसरा प्रश्न मागे पडेल. आणि पन्नास वर्षांनी ती इमारत कोण सांभाळील, हा तिसरा प्रश्न बहुधा निघणारच नाही. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची कथा या तिन्ही प्रश्नांच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा त्याला स्वतःची वास्तू नव्हती. कारभार टाऊन हॉलमधून चाले. पुढे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा जुना तट पाडण्यात आला आणि मैदानालगतची जागा मोकळी झाली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. या तेजीत अग्रभागी असलेले जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले आणि त्या मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी इच्छा व्यक्त केली. दृष्टिहीन मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्यासाठी घड्याळाच्या टोल्यांनी वेळ कळावी, असा त्यामागचा हेतू होता, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

१८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरबाजार बुडाला. स्वतः प्रेमचंद शेठ त्या तडाख्यात सापडले. परंतु विद्यापीठाला दिलेले दान मात्र टिकले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली व नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पूर्ण झाले. एकूण खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये झाला, असे सांगतात. म्हणजे संकल्पापासून सिद्धीपर्यंत चौदा वर्षे लागली आणि खर्च मूळ देणगीच्या पुढे गेला. ज्याने आयुष्यभर हिशेब लिहिला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. बांधकामाचा अंदाज आणि अंतिम बिल यांची गाठ क्वचितच पडते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या इमारतीच्या दगडांत आहे. आराखडा इंग्लंडमधील जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नाही. मात्र दगड कुर्ल्याचा वापरला गेला आणि मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे बसवण्यात आले. शेजारचे दीक्षान्त सभागृह स्कॉट यांच्याच आराखड्यानुसार १८७४ साली पूर्ण झाले होते, त्यामुळे दोन्ही वास्तू एकमेकींना शोभतात. २०१८ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारसा म्हणून स्वीकारला. एके काळी तट पाडून मोकळ्या केलेल्या जागेवरील ही ‘नवी’ इमारत आज स्वतःच संरक्षित आहे. जुन्या वस्तीत नवे बांधूच नये, असे यातून निघत नाही. नव्याने शेजाऱ्याची उंची, दगड आणि रस्त्याची रुंदी ओळखून उभे राहावे, एवढेच निघते.

यात एक व्यावहारिक बाबही आहे. घराच्या मजल्याचा आराखडा दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून करतात. ग्रंथालयातील कपाटांच्या दालनासाठी भारतीय मानकानुसार किमान ६०० किलो धरावे लागतात. ज्यांनी गोदाम चालवले आहे, त्यांना कागदाचे वजन सांगावे लागत नाही. जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवर पुस्तकांची कपाटे रचणे म्हणजे वाडा आणि पुस्तके दोन्ही धोक्यात घालणे होय. म्हणून वाड्यात वाचनकक्ष व प्रदर्शन असावे आणि ग्रंथसंग्रह मागील बाजूस, बेताच्या उंचीच्या नव्या इमारतीत ठेवावा, ही विभागणी शहाणपणाची ठरते. अर्थात, तुळया तपासून त्यांची ताकद अभियंत्याने आधी लेखी द्यावी.

उरला तिसरा प्रश्न. राजाबाई मनोरा व ग्रंथालय यांची मोठी दुरुस्ती २०१३ ते २०१५ या काळात झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्यासाठी सुमारे ४ कोटी रुपये दिले. दीडशे वर्षांच्या आत मूळ दात्याइतकाच उदार दुसरा दाता शोधावा लागला. मुंबईच्या त्या वास्तूला तो मिळाला. तालुक्याच्या गावातील ग्रंथालयाला मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही.

जैन परंपरेत शास्त्रदानाचा महिमा मोठा आहे आणि नव्या मंदिराहून जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक मानले जाते. ग्रंथभांडारांतील हस्तलिखिते शतकानुशतके टिकली, ती भिंतींच्या भव्यतेमुळे नव्हे. वेष्टने सोडून ती पुसणारे, तपासणारे आणि पुन्हा बांधून ठेवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेले म्हणून. तोच विचार दानपत्रात उतरावा. देणगीचा एक ठराविक हिस्सा कायम निधी म्हणून वेगळा ठेवावा. त्याचे मुद्दल मोडू नये. व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा, म्हणजे महागाईने निधी झिजणार नाही. उरलेल्या व्याजातून छताची गळती, वाळवी, विद्युत तारा आणि ग्रंथपालाचे वेतन यांची तरतूद व्हावी.

इमारतीच्या दर्शनी भागावर नाव कोरण्यापूर्वी दात्याने विश्वस्तांकडे एकच कागद मागावा: पुढील वीस वर्षांच्या देखभालीचे अंदाजपत्रक. तो कागद तयार असेल, तर वाड्याशेजारी नवी वीट ठेवायला हरकत नाही.