पन्नास रुपये घ्या आणि घरी बसा, असं आम्ही कुणाला सांगणार नाही



16 जून जवळ आला की आपल्यात दरवर्षी तोच वाद निघतो. यंदा जरा जास्तच तापला. काही नाववाल्या सभासदांचं म्हणणं, बंद ऋतूत ज्याने हम्माली केली किंवा बांधकामावर दिहाडी केली, त्याचं नाव संस्थेने बचत-सह-राहतच्या यादीत पाठवू नये. "कमावतोय ना, मग राहत कशाला?" दुसऱ्या बाजूने दोन-चार तरुण म्हणतात, राहत मिळतेच आहे तर पावसात पोती कोण उचलणार, आम्ही घरीच बसू. मीटिंगमध्ये या दोघांनाही उत्तर दिलं होतं, पण तिथे गोंगाटच जास्त झाला. म्हणून इथे लिहून टाकतो, निवांत वाचा.

आधी हिशोब. योजनेत सभासदाचे 1500 रुपये, सरकारचे 3000, मिळून 4500. ते महिन्याला 1500 प्रमाणे तीन महिने परत मिळतात. म्हणजे दिवसाला 50 रुपये, आणि त्यातला तिसरा हिस्सा आपलाच, कामाच्या दिवसांत पोटाला चिमटा काढून भरलेला. सरकारचे म्हणाल तर दिवसाला 33 रुपये. अर्धा लिटर दूध घेतलं की संपले. यावर पाच माणसांचं घर चालवून दाखवा असं म्हणणाऱ्याने आधी स्वतः एक आठवडा चालवून दाखवावं.

आता ही राहत कशाची, ते नीट समजून घ्या. आपल्याला काम मिळत नाही म्हणून ती मिळत नाही. काम आहे, पाणी आहे, जाळं आहे, हातात कसब आहे. 1972 च्या नदीय मत्स्योद्योग नियमांप्रमाणे 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद, कारण याच दिवसांत रोहू, कतला, मृगल अंडी घालतात. नदीशी संबंध नसलेल्या छोट्या तलावांना यातून सूट आहे, पण गंभीर नदीवरच्या यशवंत सागरला ती कुठून मिळणार? नियम मोडला तर 1981 च्या कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड म्हणजे अख्ख्या राहतीपेक्षा मोठा आकडा, हे लक्षात ठेवा.

तेव्हा आपण 61 दिवस जाळं सुकवतो ते सगळ्यांच्या माशांसाठी. पुढच्या वर्षी बाजारात जो मासा येतो, त्यात आपल्या या रिकाम्या दिवसांचा वाटा असतो. त्याचा थोडासा मोबदला म्हणजे राहत. तिला खैरात म्हणू नका, आणि घ्यायला लाजूही नका.

नाववाले काका-दादांचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही. दुसरीकडे असे नियम आहेत. ब्राझीलमध्ये बंदीच्या दिवसांत छोट्या मच्छीमाराला सरकार भत्ता देतं आणि अट घालतं की मासेमारीशिवाय त्याची दुसरी कमाई नसावी. पण तिथे भत्ता किती? बंदीच्या प्रत्येक महिन्याला देशाचं पूर्ण किमान वेतन. एवढे पैसे हातावर ठेवले तर दुसरं काम करू नको म्हणायला तोंड राहतं. पीथमपूरच्या कारखान्यात लागलेल्या आपल्याच पोरांचं पाहा. ईएसआयसीत नाव असेल आणि नोकरी गेली, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी मजुरीच्या 50 टक्के, 90 दिवसांपर्यंत मिळतात. 2018 मध्ये ही योजना आली तेव्हा 25 टक्केच होते, 2020 मध्ये वाढवले. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यातही मागूनसुद्धा काम न मिळाल्यास पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि पुढे किमान निम्मा भत्ता लिहिला होता. मध्य प्रदेशात 2025-26 चा मजुरी दर 261 रुपये, त्याचा पावच 65 रुपयांवर जातो. आमची राहत या पाव हिश्शालाही पोचत नाही. तिच्यासोबत ब्राझीलची अट तेवढी उचलून आणायची, हे आम्हाला मान्य नाही. जेवढी रक्कम, तेवढीच अट.

"पूर्णवेळ मच्छीमार पाहिजे" असं योजनेत आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. जुनी इंदुरातून पहाटे चारला निघून दहा महिने पाण्यावर असणारा माणूस पूर्णवेळ नाही तर कोण आहे? कान्ह-सरस्वतीच्या काठी आपली घरं, पण त्या पाण्यात जाळं टाकायचे दिवस कधीच गेले. लांब जावं लागतं, तरी तो जातो. दोन महिने सियागंजात पोती वाहिली म्हणून तो हम्माल झाला नाही. पावसात ती दिहाडीसुद्धा आठवड्यातून दोन-तीन दिवसच मिळते. बाकीचे दिवस नाक्यावर उभं राहून परत यायचं.

आता घरी बसू म्हणणाऱ्या पोरांसाठी. बसा, आमची ना नाही. पण 50 रुपयांत भागत नाही, मग जुलैत तुम्ही कुणाच्या दारात जाता ते सांगा ना. नाववाल्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या. उचल घेता. पाच हजार, सात हजार. कागद नाही, व्याज नाही, वरवर सगळं गोड. 16 ऑगस्टला जाळं पाण्यात पडतं तेव्हा मासा तुमचा असतो आणि भाव त्याचा. बाजारात किलोला जे मिळालं असतं त्यापेक्षा कमी लावतो आणि तुम्हाला बोलता येत नाही, कारण घेणं बाकी असतं. होळी आली तरी ते फिटत नाही, तोवर पुढचा बंद ऋतू दारात. पोतं उचलणं हलकं काम वाटतं खरं, पण त्या मजुरीत कुणाचा भाव बांधलेला नसतो. हलकं काम आणि उचल यात निवडायची वेळ आली तर आम्ही हलकं काम घ्या म्हणू, राहतीचा अर्ज भरून.

(चोरून जाळं टाकणाऱ्यांबद्दल इथे जास्त लिहीत नाही. कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.)

नाववाल्यांची एक तक्रार मात्र आम्ही मनापासून ऐकली. दिहाडीला गेलेला गडी ऑगस्टमध्ये परत येत नाही, नाव किनाऱ्यावर उभी राहते. खरं आहे. पण त्यावर उपाय त्याची राहत कापणं नव्हे. राहत गेली तर तो उलट लवकर सुटेल. तवा धरणावरच्या विस्थापित आदिवासींच्या तवा मत्स्य संघाने 1996 ते 2006 तलाव चालवला. तिथे मजुरीतला काही भाग राखून ठेवायचे आणि बंद ऋतूत तो मच्छीमाराच्या हातात द्यायचे. उचलीच्या बरोबर उलटा कारभार. पैसा आधी त्याचा, नंतर कुणाचं देणं नाही. आपल्याकडे नाववाल्याने आणि गड्याने मिळून किलोमागे थोडं थोडं संस्थेच्या खात्यात टाकलं, तर जुलैत गड्याला हात पसरावे लागणार नाहीत आणि ऑगस्टमध्ये तो तुमच्याच नावेवर येईल. किती टाकायचे हे मीटिंगमध्ये ठरवू, भांडू, पण ठरवू.

एका गोष्टीत मात्र आम्ही नाववाल्यांच्या बाजूने आहोत. ज्यांनी जाळं कधीच सोडलं, बारा महिने ऑटो चालवतात किंवा चौकीदारी करतात, आणि कार्ड मात्र मच्छीमाराचं ठेवलंय, त्यांची नावं यंदा यादीतून काढणार. त्यात आमचे नातेवाईकही आहेत, घरी बोलणी बसतील, बसू देत. दोन महिने दुसरं काम करणारा वेगळा आणि बारा महिने करणारा वेगळा.

अर्जासोबत आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि संस्थेचा सभासद क्रमांक आणा. खातं बायकोचं असेल तर आधी कार्यालयात विचारा. 1500 चा हप्ता ज्यांचा बाकी आहे त्यांनी 10 जूनच्या आत भरावा. बंद ऋतूत कुठे कामाला जाणार असाल तर लपवू नका, सांगून ठेवा. संस्थेच्या रजिस्टरात "जून ते ऑगस्ट दिहाडी, एरवी मासेमारी" असंच लिहू आणि कुणी विचारलं तर तेच दाखवू.