कोळसा संपला, कुत्र्यांची शर्यत बंद

टंचाई आली की सरकारचा हात आधी कोणाच्या मानेवर पडतो, हे पाहायचे असेल तर १९४७ सालचे ब्रिटन पाहावे. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केले की, सोमवारपासून लंडन, मिडलँड्स आणि वायव्य इंग्लंडमधील बहुतेक कारखान्यांची वीज तोडण्यात येईल. घरांतही सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज वापरायची नाही. बर्फाने रेल्वे अडली होती आणि खाणीवर काढून ठेवलेला कोळसा वीजकेंद्रांपर्यंत पोहोचत नव्हता. पण वीजकेंद्रांचे साठे बर्फ पडण्यापूर्वीच तळाला गेले होते, आणि आदल्या वर्षी हेच मंत्रिमहोदय संकट येणार नाही असे सांगत फिरत होते! वीस लाखांच्या वर लोक बेकार झाले. याच धांदलीत, २० फेब्रुवारीला, पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याची घोषणा केली. ती घोषणा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हाच्या कोळशाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

या बंदीत साप्ताहिके दोन आठवडे बंद राहिली, टेलिव्हिजन थांबले आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीही थांबल्या. विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे कुत्री सोडायची, हा खेळ ब्रिटनमध्ये १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झाला आणि वीस वर्षांत कोट्यवधींच्या उलाढालीचा धंदा बनला. घोड्यांची शर्यत दिवसा, गावाबाहेर. ही मात्र शहरात, कामावरून सुटल्यावर, दिव्यांच्या उजेडात. म्हणून ती मजुरांची शर्यत.

आता आमची बाजू स्पष्ट करतो. शर्यतीवर लागणारा पैसा हा जुगार आहे, आणि जुगार आम्हाला कोणत्याही हंगामात हराम आहे. त्या मैदानांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. आमचा प्रश्न व्यापारी आहे: बंदी घालताना सरकारने जे कारण सांगितले, तेच खरे होते काय?

फेब्रुवारीपुरते होते, असे म्हणता येईल. दिवे, ससा, टोटचे यंत्र, सगळे विजेवर. कारखाना अंधारात असताना जुगाराचे मैदान उजळावे, हे कोणालाही पटणार नाही. (घोड्यांच्या शर्यती त्या दिवसांत बर्फानेच बंद पाडल्या होत्या, तेव्हा तिथे सरकारची परीक्षाच झाली नाही.) पण मार्चच्या मध्यावर बर्फ वितळले, शर्यतींना परवानगी मिळाली आणि कारण बदलले. गृहमंत्री चटर ईड यांनी आठवड्याच्या मधल्या दिवसांतील खेळांवर निर्बंध आणले, कारण कामगार कामाला दांडी मारून मैदानावर जातात. कुत्र्यांच्या शर्यती मुख्यतः शनिवारवर आल्या. डर्बीही त्या वर्षी शनिवारी, ७ जूनला धावली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु हे कारण कोळशाचे नव्हे, हजेरीपटाचे आहे. आणि जी शर्यत मुळात संध्याकाळी, सुट्टी झाल्यावर होते, तिच्यामुळे दिवसपाळीचा मजूर गैरहजर कसा राहतो?

तिसरी पायरी नोव्हेंबरची. अर्थमंत्री डाल्टन यांच्या अंदाजपत्रकात फुटबॉल पूल आणि कुत्र्यांच्या टोटवर १० टक्के कर आला. घोड्यांच्या टोटवर आला नाही! पैज तीच, यंत्र तेच, फरक फक्त गिऱ्हाइकाच्या कपड्यांचा. जुगार वाईट म्हणून कर लावला असता तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण मग तो दोघांवर लागायला हवा होता. टंचाईच्या नावाने सुरू झालेली नाकेबंदी टंचाई संपल्यावरही कशी मुक्काम करते, ते या दहा महिन्यांत दिसते.

याच देशाने पुढे जरा बरी रीत दाखवली. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाचे भाव भडकले, खाणकामगारांनी जादा काम बंद केले, तेव्हा एडवर्ड हीथ यांच्या सरकारने जाहिरातींचे दिवे आणि मैदानांचे प्रकाशझोत बंद केले. १ जानेवारी १९७४ पासून बहुतेक धंद्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळू लागली आणि ७ मार्चपर्यंत ती स्थिती राहिली. कुत्र्यांच्या शर्यतीलाही याची झळ बसली, कारण रात्रीचाच तो धंदा. पण येथे बंदी प्रकाशझोतावर होती, खेळावर नव्हती. ज्याला उन्हात खेळता येईल त्याने खेळावे. फुटबॉलवाल्यांनी जानेवारीत रविवारी दुपारी सामने लावले, दुकानदारांनी मेणबत्तीवर माल विकला. वीज तुटली तरी रोजगाराला एखादी फट शिल्लक राहिली.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागधारकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. भारनियमनाची वेळ आधी कळली तर पाळी बदलता येते. "तुमचा धंदा गरजेचा नाही" असा शेरा बसला तर काय बदलणार? मालकाचे भाडे, पगार, व्याज चालूच. ग्रेहाउंड पाळणाऱ्याचे तर त्याहून कठीण. माग थांबला तर सूत खात नाही, पण कुत्र्याला शर्यत असो-नसो रोज खायला लागते. मैदानावर चहा विकणारा, तिकीट फाडणारा, कुत्री फिरवणारा पोरगा, यांच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब कोळशाच्या टनांसमोर मांडायला हवा होता.

शिनवेल यांचे खाते त्याच ऑक्टोबरात गेले, म्हणजे त्यांना युद्धखात्यात हलवण्यात आले. मंत्रिपद राहिले. मैदानांना आठवड्याच्या मधले दिवस मात्र अद्याप परत मिळाले नव्हते.