विनामूल्य पेटी आणि तिची किल्ली

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदे राज्यास लागू केला. तेव्हापासून आमच्या या नगरीत ‘मोफत’ हा शब्द कधी हलका मानला गेला नाही. फुकट मिळते ते टाकाऊ, हा बाजाराचा न्याय असेल. विद्येच्या बाबतीत बडोद्याने तो मान्य केला नव्हता. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची योजना आखून घेतली, आणि थोड्याच काळात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. वाचणाऱ्याला त्यासाठी एक पैही पडत नसे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची दृश्यशिक्षणाची निराळी शाखा होती. जादूचा कंदील आणि सिनेमाचे यंत्र घेऊन तिचे लोक गावोगाव हिंडत.

या गोष्टी आज आठवण्याचे कारण असे की, गेल्या पंधरवड्यात दांडिया बाजारातील एका घराच्या ओसरीवर भरणारा मराठीचा रविवारचा वर्ग आम्ही पाहिला. मुले अवघी अकरा. आठवडाभर कोणी इंग्रजी शाळेत, कोणी गुजराती शाळेत जाणारी. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्यापाशी एक जुना संगणक आणि भिंतीवर टांगलेली पांढरी चादर, एवढीच सामग्री. धडा वाचताना ‘माजघर’ हा शब्द आला आणि नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, “बाई, माजघर म्हणजे काय?” सदनिकेत वाढलेल्या त्या मुलीने माजघर पाहावे तरी कोठे? बाईंनी मोल्सवर्थचा कोश चादरीवर उघडला. १८३१ सालचा आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेला हा कोश शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी मोकळा ठेवला आहे. अर्थ वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, “आता घरी जाऊन आजीला विचारा, तुमच्या जुन्या वाड्यात माजघरात काय काय असे.” पुढच्या रविवारी अकरा माजघरांची वर्णने आली. काम अर्धे कोशाने केले, अर्धे आजीने. पण दोघांची गाठ घालून देणाऱ्या बाई होत्या.

अशी साधने आज किती आहेत, याची आमच्या जुन्या घरांना पुरती कल्पना नाही. मराठी विश्वकोश घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. महाराष्ट्राच्या बालभारतीची पाठ्यपुस्तके तशीच उतरवून घेता येतात. नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यातील विज्ञानाचे सचित्र प्रयोग मराठीतूनही मिळतात. दिवा, तार आणि विजेचा घट पडद्यावर जोडून मंडल कोठे तुटले ते मूल स्वतः शोधते. चुकले तरी काही जळत नाही. भूमितीसाठी ‘जिओजिब्रा’ आहे. त्रिकोणाचे शिर ओढावे आणि तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे डोळ्यांनी पाहावे. घरी इंटरनेटची खात्री नसेल तर ‘किविक्स’च्या साहाय्याने मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून पुढे जोडणीवाचून वाचता येतो. शिवाय आमच्या मुलांना एक खास सोय आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर देवनागरी आणि गुजराती यांची समान अक्षरे एकाच जागी असतात. एक लिपी टंकायला शिकले की दुसरीचे श्रम जवळजवळ वाचतात.

तथापि, येथे दोन शब्द सावधगिरीचेही सांगितले पाहिजेत. विनामूल्य आणि मुक्त या दोन गोष्टी एक नव्हेत. वर सांगितलेल्या बाईंनी पूर्वी दोन वर्षे आपल्या धड्यांची टिपणे एका फुकट सेवेवर ठेवली होती. एके दिवशी ती सेवा दाम मागू लागली आणि टिपणे हाती लागली नाहीत. साऱ्या जगाचाही अनुभव असाच आहे. ‘फ्लॅश’ हे तंत्र ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले आणि त्यावर बेतलेली शाळांसाठीची असंख्य चलच्चित्रे एका रात्रीत मुकी झाली. ‘फेट’च्या मंडळींनी मात्र आपले प्रयोग नव्या तंत्रात उतरवण्याचे काम आधीपासून चालवले होते, म्हणून ते टिकले. तेव्हा शिक्षकाने आधी हे पाहावे की, आपण केलेले काम उतरवून आपल्यापाशी ठेवता येते काय, आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक आहे काय. मुलांची नावे, छायाचित्रे, दूरध्वनी मागणाऱ्या साधनापासून तर दूरच राहावे. तेथे किंमत पैशांत नसली तरी घेतली जातेच. आणि विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, म्हणून त्यातील विधानाखालचा आधार उघडून पाहण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बॉर्डनसाहेबांनी नुसत्या पेट्या पाठवल्या नाहीत. १९११ साली ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्गही बडोद्यात सुरू केला. पेटीबरोबर तिची किल्ली फिरवणारा माणूस हवा, हे त्या काळी ओळखले गेले होते. आज आम्ही शाळांना पडदे आणि यंत्रे देणगी देतो, कोनशिलेवर नाव कोरतो आणि निघून येतो. शिक्षकाला ती साधने निवडण्यास, आधी घरी चालवून पाहण्यास वेळ कोण देतो? आमच्या मंडळांनी यंत्राऐवजी वर्षातून चार दिवस शिक्षकांसाठी दिले, त्यांचा प्रवासखर्च आणि जेवण सोसले, तर त्याचे फळ अधिक येईल.

आता थोडे आमच्याच अंगणात पाहू. कायद्याने लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे प्रसिद्ध लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तके २०११ पासून सर्वांना मोकळी आहेत. आमचे राजकवी चंद्रशेखर १९३७ साली गेले. त्यांची कविता तर केव्हाच मोकळी झाली. अशी पुस्तके मराठी विकिस्रोतावर चढवता येतात. तेथे एका बाजूस छापील पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस टंकलेला मजकूर असतो. एकाने तपासावे, दुसऱ्याने खातरजमा करावी. शुद्धलेखनाचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही, आणि तो गिरवताना मूल आपल्या गावचे एक पुस्तक जगाला वाचायला देते.

परंतु पुस्तक हाती असेल तर ना! येथे आमचा अपराध कबूल केला पाहिजे. वाडा उतरवून आम्ही सदनिकेत राहावयास गेलो, तेव्हा वडिलांच्या दोन पेट्या पुस्तके रद्दीवाल्यास वजनावर दिली. त्यांत श्रीसयाजीसाहित्यमालेतील कितीतरी पुस्तके होती. जागा नाही, मुले वाचत नाहीत, अशी कारणे आम्ही त्या दिवशी आपल्या मनास दिली. त्या वर्गात अकरा मुले चादरीकडे टक लावून वाचताना पाहिली, तेव्हा त्या कारणांपैकी दुसरे तरी खोटे होते हे कळून चुकले. त्यांतील काही पुस्तके अन्यत्र असतील. पण वडिलांनी समासात लिहिलेल्या टिपा पुन्हा कोठे मिळणार?

वाचकहो, रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, मांडवीच्या आसपास अजून कितीतरी माळ्यांवर अशा पेट्या आहेत. त्या विकण्यापूर्वी एकदा उघडा. पुस्तकाची पाने साध्या दूरध्वनीच्या कॅमेऱ्यानेही नीट टिपता येतात. घरातील बारा वर्षांचे मूल ते काम हौसेने करील. महाराजांनी पेटी आपल्या दारापर्यंत आणून दिली होती. आता ती भरून पुढे पाठवण्याची पाळी आपली आहे. आणि या वेळी तिचे रेल्वेभाडेही पडत नाही.