विश्लेषण : गच्चीच्या डांबरी शीटवर दगडाचा थर कशासाठी?

पावसाळा तोंडावर आला, की गृहनिर्माण संस्था गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी कोटेशन मागवतात. सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर होते, काळी डांबरी शीट चिकटवली जाते आणि काम झाले असे सगळे मानतात. पाणी अडवणारी ही शीट उघडी राहिली, तर तिला पावसाआधी ऊनच खराब करते.

ऊन डांबराचे काय करते?

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे डांबराचे ऑक्सिडीकरण होते. तेलकट घटक कमी होऊन लवचिकपणा जातो. काळा रंग बहुतेक ऊन शोषून घेतो. शीट दुपारी तापून प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते. कडक झालेल्या थराला हा रोजचा ताण सोसत नाही. त्याला भेगा पडतात, पाणी आत शिरते आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छताला ओल धरते.

दगड नेमके काय करतो?

दगडाचे काम सावली धरण्याचे. अतिनील किरण त्यातून पार जात नाहीत. खडी फिकट रंगाची असेल, तर बरेच ऊन परावर्तित होते. थर जाड असेल, तर खालच्या शीटचे तापमान हळूहळू चढते-उतरते. काही शीटवर कारखान्यातच दगडाचे बारीक कण बसवलेले असतात, ते याचसाठी.

मग सरसकट खडी पसरावी का?

नाही. ५ सेंटीमीटर खडीचा भार दर चौरस मीटरला सुमारे ८० किलो होतो. म्हणजे १००० चौरस फुटांच्या गच्चीवर सात टनांहून अधिक वजन. स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हे करू नये. टोकदार खडी शीटला भोके पाडू शकते, सुटी खडी पावसाच्या पाइपचे तोंड बुजवू शकते. जिथे पापड वाळतात, मुले खेळतात, तिथे लादी किंवा चायना मोझॅक सोयीचे. मात्र त्यांचेही वजन तपासावे लागतेच.

संस्थेने काय करावे?

आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेचा, म्हणजे सर्व सभासदांचा असतो. त्यामुळे वरच्या थरावर वाचवलेले पैसे पुढे सगळ्यांच्याच खिशातून जातात. कोटेशन मंजूर करण्याआधी सभेत एक प्रश्न जरूर विचारावा : शीटला उन्हापासून वाचवणारा थर कोणता, आणि तो या दरात धरला आहे का?