चिखलाचंही टाइमटेबल असतं!

पक्षी बघायचे तर पहाटे उठावं लागतं, असं म्हणून आपले अर्धे हॉस्टेलवाले रविवारी गादी सोडत नाहीत. त्यांच्यासाठी खुशखबर! खाडीवरचे पक्षी घड्याळ नाही, भरती-ओहोटी पाळतात. आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कधीकधी दुपारचं जेवण करूनही जाता येतं.

थंडीतला एखादा रविवार धरा. हार्बर लाइनने शिवडीला उतरा आणि पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी जेट्टीवर पोहोचा. ऐन ओहोटीला गेलात तर लांबवर फक्त एक गुलाबी रेघ दिसेल. पाणी चढू लागलं की उघडा चिखल कमी होत जातो आणि पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकतात. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतात. मेकॅनिकलवाल्यांनी मुद्दाम बघावं : जीभ म्हणजे पंपाचा पिस्टन आणि चोचीच्या आतच गाळणी! शेजारी पाणटिवळा लांब चोच चिखलात खोल खुपसतो, तर चिखल्या आखूड चोचीने वरवरचं टिपतो. एकच मेस, पण प्रत्येकाचं ताट वेगळं.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. पूर्ण भरतीला सगळा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा हे पक्षी बसतात कुठे? आसपासच्या मिठागरांत आणि उथळ तळ्यांत. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. छानच झालं. पण नकाशावरची हद्द पक्ष्यांना कुठे माहीत? त्यांचा अर्धा दिवस हद्दीच्या आत जातो आणि अर्धा बाहेर. नेरूळच्या तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली, तळं सुकलं आणि २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेलेले आढळले. तळं बुजवायला डंपरच लागतात असं नाही, एक पाइप तुंबला तरी पुरतो.

मी विकासाच्या विरोधात नाही. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू शिवडीच्या या चिखलावरूनच निघतो आणि २१.८ किलोमीटर लांब आहे. असं काही आपणही बांधावं असं कुठल्या सिव्हिलवाल्याला वाटत नाही? पण आपण मात्र चिखलाला बिनधास्त 'रिकामी जागा' म्हणतो. ती रिकामी नाही, फक्त दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते.

उद्या कुठल्या तरी पाइपच्या ड्रॉइंगवर आपल्यापैकीच कुणाची तरी सही असणार. म्हणून सरांना एक विनंती : सर्व्हे कॅम्पचा एक दिवस खाडीवर न्या, ओहोटीपासून भरतीपर्यंत. आणि दोस्तांनो, मेसच्या मेनूशेजारी भरतीचं वेळापत्रक लावायला काय हरकत आहे?