दवाखान्यातला कुकर

मैत्रिणींनो, वांगी घेताना आपण एकेक उलटसुलट करून, देठ बघून घेतो. दुधात पाणी किती ते नुसतं बोट बुडवून सांगणाऱ्या बायका माझ्या ओळखीत आहेत. पण दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो, की त्यांनी हातात घेतलेला चिमटा कुठून आला हे बघायचं आपल्याला सुचतही नाही. दाढ ठणकत असते, डोळे मिटलेले असतात, आणि "सोडवा हो एकदाचं" एवढंच मनात असतं.

एका वाचक भगिनीनं विचारलं आहे, की गावात दाताचे चार-पाच दवाखाने झालेत, पाट्या सगळ्यांच्याच झगझगीत, मग चांगला कोणता हे आम्ही ओळखायचं कसं? पाटीवरून, गुळगुळीत फरशीवरून किंवा एसीवरून मुळीच ओळखू नका. मी तर आधी कुकर कुठे आहे ते विचारते.

हसू नका. डॉक्टर ज्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात तो आपल्या कुकरचा सख्खा भाऊच आहे. दोघांचा पूर्वज एकच, १६७९ साली देनी पापँ यानं बनवलेलं वाफेचं बंद भांडं. त्यावरून पुढे १८७९ साली पाश्चरचे सहकारी शांबरलँ यांनी जंतू मारण्याचं यंत्र तयार केलं. उघड्या पातेल्यात पाणी कितीही खळखळलं तरी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेत काही जिवाणूंचे स्पोअर्स, म्हणजे कवचातली बीजं, तग धरतात. वाफ कोंडून दर चौरस इंचाला १५ पौंड दाब चढवला, की तापमान १२१ अंशांवर जातं. तिथे अवजारं निदान १५ मिनिटं राहिली पाहिजेत, पाकिटात बंद असली तर आणखी जास्त वेळ. तूरडाळ उघड्यावर शिजता शिजत नाही आणि कुकरात मेणासारखी होते, तोच हा प्रकार.

मागे मुलाची दाढ सुजली म्हणून आम्ही एका दवाखान्यात गेलो होतो. मी विचारलं, "डॉक्टर, अवजारं कशात निर्जंतुक करता?" ते म्हणाले, "उकळतो की! वीस वर्षं उकळतोय, बाई, कुणाला काही झालं नाही." कोपऱ्यात शेगडीवर पातेलं होतं खरं. मी मुलाला घेऊन उठले. चारचौघांत हे फार ओशाळले, आणि "शिकलेल्या बाईशी संसार म्हणजे…" असं काहीसं रिक्षात पुटपुटलेही. पुटपुटू द्या. दुसऱ्या दवाखान्यात तोच प्रश्न विचारला, तर तिथल्या मदतनीस मुलीनं बंद पाकीट आमच्यासमोर फाडलं आणि त्यावरची रंग बदललेली खूण दाखवली. डॉक्टर रागावले नाहीत. उलट म्हणाले, "विचारत जा."

त्या खुणेबद्दल एक सांगते. रंग बदलला, म्हणजे पाकीट उष्णतेतून गेलं, एवढंच कळतं. आतले जंतू मेले की नाही, याची खात्री दवाखान्यानं अधूनमधून स्पोअर टेस्ट करून घ्यायची असते. शिवाय अवजार आधी घासूनपुसून स्वच्छ हवं, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. खरकटं भांडं नुसतं गरम पाण्यातून काढलं म्हणून आपण ते मांडणीवर ठेवतो का?

एवढा घोर कशासाठी, असं वाटेल. रक्तातून पसरणारी बी प्रकारची कावीळ (आपल्याकडे काही जण तिला पांढरी कावीळ म्हणतात) फार चिवट. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो, आणि ज्याच्या अंगात तो आहे त्या माणसाला बऱ्याचदा स्वतःलाच पत्ता नसतो. म्हणून तुमच्या आधी खुर्चीत कोण बसलं होतं, याला महत्त्व नाही. प्रत्येकानंतर सगळं बदललं पाहिजे. या काविळीची लस आहे. डॉक्टरांनी आणि मदतनिसांनी ती घेतलेली असावीच, घरच्यांनाही देऊन टाका.

दात कोरायच्या यंत्राचा पुढचा भाग, ज्याला हँडपीस म्हणतात, तोही वाफेच्या यंत्रातून निघाला पाहिजे. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. आपल्याकडे भुलीचं औषध पुष्कळदा मोठ्या कुपीत येतं आणि एकाच कुपीतून अनेकांना दिलं जातं. ते चालतं, मात्र सुई आणि सिरिंज दर वेळी नवी, आणि तुमच्या हिरडीत टोचून आलेली सुई परत त्या कुपीत बुडवता कामा नये. हे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. हातमोजे घातलेल्या हातानं डॉक्टर फोन उचलतात, खण उघडतात आणि तोच हात तोंडात घालतात, असं दिसलं तर "मोजे बदलता का?" म्हणायला लाजू नका. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत टाकायचा, असा २०१६ चा नियमच आहे. सगळं एकाच बादलीत दिसलं, की बाकीचा कारभार कसा असेल ते ओळखावं.

काही गोष्टी आपणही सांगायच्या असतात. दिवस गेलेले असतील तर क्ष-किरण फोटोच्या आधीच बोला. सासूबाईंना मधुमेह असेल, सासऱ्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्या चिठ्ठ्या सोबत न्या. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं.

आणि पावती घ्या. राज्य दंत परिषदेकडे नोंद झालेल्या डॉक्टरांना नोंदणी क्रमांक मिळतो. तो दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापलेला असावा लागतो. कवळी स्वस्तात बसवून देतो म्हणून घरोघर हिंडणाऱ्या माणसाकडे हा क्रमांक नसतो. तक्रार करायची वेळ आली, तर ती परिषदेकडे याच क्रमांकावरून करता येते, तेव्हा पावती किराणाच्या चिठ्ठ्यांबरोबर तारेला अडकवू नका, फायलीत ठेवा.